गुरुवारची ड्यूटी

माझ्यावाचून कंपनीचं काही अडत नाही, हे मला बरीच वर्षं माहीत आहे. घरात मात्र ते कळू दिलं नव्हतं. आज लिहून टाकतो. पन्नाशी उलटल्यावर अब्रू तशीही फारशी वापरात राहत नाही.

घर वाघोलीला आणि ऑफिस हिंजवडीला, म्हणजे शहराच्या बरोब्बर दोन टोकांना. आठवड्यातले तीन दिवस मी कंपनीच्या बसमध्ये बसून कामाची मानसिक तयारी करतो आणि गुरुवार-शुक्रवार घरून काम करतो. बायको शाळेत शिकवते. त्यामुळे गुरुवारी दिवसभर घरात दोघेच, मी आणि बाबा.

बाबा भोसरीतल्या एका कारखान्यात फिटर होते. तिकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, कारण गुरुवारी वीज बंद. आमच्या शाळेची सुट्टी रविवारची. मे महिन्यात तरी गाठ पडली असती, पण तेव्हा मला मामाकडे धाडलेलं असे. गुरुवारी बाबा एकटेच मंडईत जात, दोन पिशव्या भाजी आणत आणि दुपारी झोपत. मी शाळेतून येईपर्यंत त्यांची सुट्टी जवळजवळ संपलेली असे.

निवृत्तीला अठरा वर्षं झाली, तरी त्यांची सुट्टी गुरुवारचीच. एरवी सहाला दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि मग घरात एखादा गळका नळ सापडेपर्यंत येरझाऱ्या. आमचे नळ गळत नाहीत, हे त्यांच्या म्हातारपणाचं मोठं दुःख. गुरुवारी मात्र पान्ह्याला हात लावायचा नाही. एकदा बायकोने गुरुवारी कुकरचं हँडल पुढे केलं, तर म्हणाले, "उद्या बघू. आज कामगार सुट्टीवर आहे."

मी घरून काम करायला लागलो, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. "तुझा-माझा गुरुवार एक झाला एकदाचा," म्हणाले. "मंडईत जाऊ. रामवाडीपर्यंत बस, पुढे मेट्रो. जेवायला घरी."

"बाबा, घरी असलो तरी मी कामावर असतो. कॉल असतो."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही."

सांगता आलं असतं. कॉल अकराला संपायचा. पुढे तर ते काम दुसऱ्या टीमकडे गेलं आणि माझा गुरुवार कोरा झाला. मी हेडफोन मात्र काढले नाहीत.

का, ते सांगायला इतके दिवस लागले. एक तर मला रिकामं बसता येत नाही. खुर्चीत, पडद्यासमोर, कपाळाला आठी घालून बसलं की मी कुणीतरी आहे असं वाटतं. लोक कामाला शिव्या घालतात आणि सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी उगाच मेल उघडून बघतात, त्यांतलाच मी. दुसरं कारण अधिक लाजिरवाणं आहे. मंडईत जाऊन यायचं म्हणजे तीन तास बाबांशी बोलावं लागणार. आम्हा दोघांना तीन मिनिटांच्या वर सवय नाही.

तर गुरुवारी दाराशी बाबांची चाहूल लागली, की मी न बोलणाऱ्या माणसांशी इंग्रजीत बोलत असे. "येस, येस, लेट मी चेक." तासभर चेक करत असे. पुण्यात बसून जगाचा गाडा हाकतोय, असा आव. गाड्याला बैल नव्हते, एवढंच.

बाबांनी ते इतकं मनावर घेतलं, की त्यांनी स्वतःला ड्यूटी लावून घेतली. हॉलमध्ये कोपऱ्यात इंटरनेटचा राउटर आहे. त्याच्याजवळ त्यांनी घडीची खुर्ची मांडली. केर काढणाऱ्या मावशींचा झाडू वायरला लागू नये, बेल वाजू नये, टीव्हीचा आवाज वाढू नये, यावर त्यांची देखरेख. राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत राहिले की चिरंजीवांचा कॉल चालू, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. शेजारी आले तर ओठांवर बोट ठेवून सांगत, "परदेशाशी बोलतोय."

ज्या माणसाने आयुष्यभर एक गुरुवार कामाला दिला नाही, तो माझ्या खोट्या कॉलसाठी गुरुवारची ड्यूटी करत होता. हे मला दिसत होतं. बायकोलाही दिसत होतं. "अहो, त्यांना घेऊन जा एकदा," ती म्हणायची. "की तुम्ही उठलात तर कंपनी कोसळेल?" मी पुढच्या गुरुवारचं आश्वासन देत असे. वर्ष गेलं असं.

मग एका गुरुवारी लाइट गेली. गुरुवारी जातेच, दुरुस्ती असते. लॅपटॉप बॅटरीवर, खिडकीतून लख्ख ऊन, पंखा थांबल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. दाराशी चपला वाजल्या आणि मी सवयीने सुरू केलं, "येस, येस, आय कॅन हिअर यू."

बाबा दारात उभे होते. लाइट गेल्याचं सांगायला आले असणार. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चालू दे तुझं," म्हणाले, आणि दार हळूच ओढून घेतलं.

नंतर हॉलमध्ये गेलो तर राउटरचे दिवे विझलेले आणि घडीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली. आठवडाभर घरात त्या विषयावर अवाक्षर नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. पण अपमान करायचा नसला की आमच्याकडे गप्प बसतात, आणि करायचा असला तरीही.

पुढच्या गुरुवारी मी लॅपटॉप उघडलाच नाही. पिशव्या घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. "बाबा, मंडईत येता?"

"कॉल नाही?"

"नाही. वर्षभर नव्हता."

ते चपला घालत म्हणाले, "ठाऊक आहे. मशीन लोडवर चाललंय की नुसतं फिरतंय, ते आवाजावरून कळतं. तुझं गेल्या दिवाळीपासून नुसतं फिरत होतं."

"मग राउटरजवळ बसत कशाला होतात?"

"मला तरी दुसरं काय काम होतं," म्हणाले. "पण लाइट गेल्यावर बसणार कसा? दोघांचंही हसं झालं असतं."

मेट्रोत आम्ही जवळजवळ गप्पच होतो. मंडईत त्यांना कंठ फुटला. मेथीच्या काड्या कशा मोडून बघायच्या, कोणत्या गाळ्यावर वांगी भरवशाची, सगळं सांगत होते. पन्नास वर्षं राहून गेलेलं एका सकाळी उरकायचं असल्यासारखं. मी ऐकत होतो. चांगलं वाटत होतं, हेही लिहितो.

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसचा. कुठलातरी प्रोग्राम बंद पडला होता आणि तो मी लिहिलेला होता. गुरुवारी, वर्षात पहिल्यांदा.

मी फोनकडे पाहत राहिलो. बाबांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "घे," म्हणाले. "खरा दिसतोय."

कट करता आला असता. तेवढं एकच करायचं होतं मला त्या दिवशी. मी घेतला. घेताना अंगात जी तरतरी आली, ती मेथी निवडताना आली नव्हती, हे कबूल करायलाच तर हे सगळं लिहिलं.

मी कान दाबून बोलत होतो. मागे बाबा दोन पिशव्या सांभाळत उभे, आणि कांदेवालीला सांगत होते, "बाई, जरा हळू ओरडा. मुलगा कामावर आहे."

"मग हापिसात बसवा की त्याला," ती म्हणाली. "हितं आम्हीबी कामावरच हाय."

बाबा हसले नाहीत. ओठांवर बोट ठेवून तिथेच उभे राहिले, मला धक्का लागू नये म्हणून गर्दीला आडवे. त्यांची सुट्टी होती त्या दिवशी.