अक्कांच्या मापाची सीट

अक्का नसत्या तर माझी आई म्हैसूरला आली नसती. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी अक्कांवर बराच वैतागणार आहे, आणि मधेच कुणी वाचायचं थांबलं तर गैरसमज नको.

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे कुणी खापरपणजोबा इथल्या राजाच्या फौजेत शिपाई होते म्हणे, तेव्हापासून घराणं इथलंच. घरात अजून मराठी चालते, पण वाक्य मराठीत सुरू होतं आणि वळणावर कानडीत शिरतं, आणि तो-ती-तेचा हिशोब वाटेत सांडतो. मी त्यांच्या मागच्या खोलीत बायकोला घेऊन राहतो. आटपाडीकडचा माणूस, आठवी अर्धवट टाकून चौदाव्या वर्षी इथं गलाईच्या दुकानात आलो. सोनारांकडचे मोडीचे दागिने, दुकानातली झाडलोट, हे सगळं मुशीत वितळवून, तेजाबात घालून शुद्ध सोनं काढायचं, हा धंदा. आमच्या भागातली निम्मी पोरं यातच. सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी कुठं राहतो, कुठं जेवतो, हे आईनं एकदाही पाहिलं नव्हतं.

तिचा गुडघा वाकत नाही. डेअरीच्या पायरीवरून पडली, आत पट्टी बसवली, पाय काठीसारखा सरळ राहिला. एसटीत बसली की पाय वाटेत, आणि येणारा-जाणारा त्याला अडखळणार. मामांनी एकदा तिला मिरजेच्या स्टेशनापर्यंत आणलं होतं. डब्याची पायरी बघून ती तिथूनच परत फिरली. फोनवर म्हणाली, "माजं म्हैसूर आता वरच्याच गावाला." त्या दिवशी मी ठरवलं, जुनी का होईना, छोटी का होईना, स्वतःची गाडी घ्यायची आणि हिला बसवून आणायची.

इथपर्यंत सगळं सोपं होतं.

सोन्यात रतीभर खोट असली तरी कसोटीवरच्या रेघेवरून मला कळते. गाडीतलं मात्र काही कळत नाही. दुकानातला भागीदार म्हणाला, आधी अलॉय व्हील टाक. शेजारचा म्हणाला, काचेला काळी फिल्म लाव. गाडी अजून घेतलीच नव्हती! कुणाच्या तरी ओळखीनं पिरियापट्टणच्या एका शेतकऱ्याची आठशे सीसीची जुनी गाडी बघायला गेलो. अक्का म्हणाल्या, "मी येतो. तुला फसवतील, तुझं तोंडच तसं आहे."

गाडी बुटकी, पांढरी, पॉलिश मारून चकाचक. दार उघडलं आणि मी दोन पावलं मागं सरलो. त्या माणसानं वर्षानुवर्षं तिच्यातून तंबाखूची बंडलं नेली होती. वास सीटमध्ये, छपरात, पट्ट्यात, सगळीकडं मुरला होता. वजन पेलावं म्हणून मागच्या स्प्रिंगांत रबरं कोंबली होती, त्यामुळं गाडीचं बूड वर आणि तोंड खाली, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखं.

"चार दिवसांत वास जाईल," शेतकरी म्हणाला.

"एनप्पा गौडा, काय रे," अक्का म्हणाल्या, "गाडी विकतोस की वखार?" आणि पुढं अर्धा तास कानडीत असा घोळ घातला की त्या माणसानं किंमत उतरवली, वर दोन पडवळंही दिली. माझ्या हातून हे झालं नसतं. मी तर सुरुवातीच्या किमतीलाच मान हलवणार होतो.

चार दिवसांत वास गेला नाही. कापूर जाळला, लिंबं कापून ठेवली, खायचा सोडा पसरला, मोगऱ्याचं अत्तर टांगलं. मग गाडीला मोगऱ्यात भिजवलेल्या तंबाखूचा वास यायला लागला. आईला एसटीत नुसत्या डिझेलच्या वासानं ओकारी येते. मला झोप लागेना.

आणि सीट. ड्रायव्हरशेजारची सीट कितीही मागं सरकवली तरी सरळ पाय मावत नव्हता. ज्या रुळांवर ती सरकते तेच लांबवायला हवे होते. बेळगोळला कारखान्यांच्या भागात एक वेल्डर सापडला. तो म्हणाला, "करतो, पण माप घ्यायला माणूस पाहिजे. पाय न वाकणारा."

आता असा माणूस कुठून आणायचा? तर तो घरातच होता. अक्कांचा उजवा गुडघा संधिवातानं कधीच आखडलाय. काठी टेकत चालतात, बसल्या की पाय पुढं.

"तुझं आईचं याव काल?" त्यांनी विचारलं. म्हणजे कुठला पाय.

गेल्या दिवाळीचं चित्र डोळ्यांसमोर आणलं. आई बाजेवर बसलेली, मी समोर जमिनीवर, तिचा पाय माझ्या उजव्या खांद्याजवळ. "उजवा," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

फोन करून विचारता आलं असतं. पण आईला कुठल्या तोंडानं विचारायचं, की तुझा दुखरा पाय कुठला?

"मग झालं. माझं पण उजवं," अक्का म्हणाल्या आणि पदर खोचून गाडीत बसल्या.

त्यानंतरच्या महिन्याबद्दल शांतपणे लिहिणं मला जमत नाही. पहिल्यांदा रूळ लांबवले तेव्हा सीट एवढी मागं गेली की पट्टा पोचेना. दुसऱ्यांदा डावा रूळ वर, उजवा खाली, अक्का हळूहळू माझ्या अंगावर कलंडायला लागल्या. वेल्डर दर वेळी म्हणायचा, उद्या. तिकडं गॅरेजवाल्यानं मागची रबरं काढली तर बूड इतकं खाली बसलं की प्रत्येक गतिरोधकाला खरवडायला लागलं, म्हणून अर्धी रबरं परत. मधेच भागीदारानं मला न विचारता मागच्या काचेवर झेप घेणारा वाघ चिकटवून आणला. "लुक येतो," म्हणाला. आठशेच्या गाडीला वाघ! मी तो नखानं खरवडत बसलो. वाघाचं तोंड गेलं, शेपूट राहिली. अजून आहे.

त्यात पोलीस दिसला की मला घाम फुटायचा. सीटला जोड दिलाय, कुणी अडवलं तर? सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. अक्का म्हणायच्या, "सुम्ने, गप बस रे. पोलीस म्हातारीला बघतं, जा म्हणतं."

आणि टेस्ट! सीट अखेर बसली तरी अक्कांची टेस्ट संपेना. "सपाट रस्त्यावर ठीक आहे. चढावर बघायला पाहिजे," म्हणून चामुंडीच्या डोंगरावर नेली. ती टेस्ट दर शुक्रवारी व्हायला लागली. "खड्ड्यात कसं आहे?" म्हणून नंजनगुडाच्या देवळापर्यंत. "सामान घालून?" म्हणून मार्केटात, आणि मागच्या सीटवर दोन नारळ, एक केळफूल, पंधरा किलो तांदूळ. मी दुकानात उशिरा पोचायचो, भागीदार बडबडायचा. एकदा मी म्हणालोच, "अक्का, ही गाडी आईसाठी आहे ना?"

त्या बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "किती वर्षांनी मी पुढच्या सीटवर बसलो, माहीत आहे? रिक्षात पाय बाहेर राहतं. मुलगा बंगळूरहून येतं, त्याचं कारमध्ये मागं आडवं घालतं मला, पोतं घालतात तसं."

मी गिअर बदलला.

चामुंडीचा डोंगर उतरताना त्यांनी मागं वळून हात जोडले. "हे इथलं देवी. आमचं घराण्याचं देवी तुळजापूरला. देव्हाऱ्यात टाक आहे तिचा. पण आमचं घरातलं कोणी तिकडं गेलं नाही. माझं आजी नाही, आई नाही, मी नाही." एवढं बोलून लगेच, "ए, गतिरोधक! हळू!"

शेवटी दोन दिवसांचा प्रवास करून, मधे हुबळीला मुक्काम टाकून गावाला पोचलो. मी येणार हे आईला माहीत होतं. गाडीचं आळीलाही माहीत झालं होतं, त्यामुळं सगळी आळी अंगणात. आई नवी नऊवारी नेसून, पिशवी भरून तयार. मी रुबाबात दार उघडलं. लांबवलेली सीट दाखवली. "बस."

आई पाठ करून टेकली, आत वळली, आणि डावा पाय उचलून आत घेतला.

डावा.

तो पुढं जाईना. या गाड्यांना त्या बाजूला, अगदी पावलाच्या जागी, चाकाचा फुगवटा आत आलेला असतो. उजवा पाय त्याच्या शेजारून सरळ जातो. अक्कांचा जात होता. डावा थेट फुगवट्यावर आपटतो. आईचं तोंड वेदनेनं वाकडं झालं. मी सीट आणखी मागं ढकलली. तिरकी बसवून बघितली. उशी लावून बघितली. काही नाही.

"आई, तुझा उजवा ना गं पाय?"

"उजवा?" आई म्हणाली. "आरं, सा वर्सं झाली. डावाच की."

आळीत कुणीतरी हसलं. सहा वर्षांत प्रत्येक दिवाळीला मी तिच्या समोर बसलो होतो, आणि समोरच्याचा डावा आपल्या उजवीकडं येतो, एवढं मला सुचलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे लेका," आई पिशवी उचलत म्हणाली. "तू गाडी घिऊन आलास, गावानं बघितलं. बास झालं. मी न्हाय येत." आणि घराकडं वळली. ही एकदा उंबऱ्याच्या आत गेली की पुन्हा निघणार नाही, हे मला मिरजेपासून माहीत होतं.

मी गोठ्यामागं जाऊन अक्कांना फोन लावला. आधी पाच मिनिटं शिव्या. कानडीत, म्हणून निदान आळीला कळल्या नाहीत. "नक्की म्हणाला होतास! नक्की! मी महिनाभर माझं हाड मोडून घेतलं!" मग मराठीत:

"सीट काढ."

"म्हणजे?"

"पुढचं सीट काढून टाक. चार बोल्ट आहे, मी बघितलंय, तीन वेळा काढलं त्या मेल्या वेल्डरनं. आईला मागं बसव. पुढं सगळं मोकळं. डावं, उजवं, काय पाहिजे ते लांब करू दे."

महिनाभर रूळ लांबवले. वेल्डिंग केलं. टेस्ट दिल्या. आणि उत्तर होतं चार बोल्ट! तो वेल्डर, तो गॅरेजवाला, मी, कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"अक्का, हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी माझं पाय बसत होतं की," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याकडून पाना आणला. सीट काढून गोठ्यात ठेवली. आईला उंबऱ्यातून परत बोलावलं. ती कुरकुरत आली, मागच्या सीटवर टेकली आणि पाय पुढं पसरला. पसरतच गेला. टाचेखाली तिनंच बांधलेलं शेंगांचं पोतं सरकवलं. पट्टा लावला. मग मला वासाची आठवण झाली. "आई, वास जरा... मळमळलं तर सांग."

आईनं नाक वर करून हुंगलं. ती रोज मिश्री लावते, हे मी विसरलोच होतो.

"कसला रं झकास वास येतोय," ती म्हणाली. "फकस्त त्या फुलाचं काय टांगलंयस, ते काढ. डोस्कं उठतंय."

मोगरा मी कुंपणापलीकडं फेकला. येताना वाटेत ती एकदाही ओकली नाही. एवढंच की दर तासाला विचारायची, "कर्नाटक संपलं का?" आणि मी सांगायचो, आपल्याला तिथंच जायचंय.

आता आई महिनाभर इथं आहे. सकाळी दोघी कट्ट्यावर बसतात. आईचा डावा पाय पुढं, अक्कांचा उजवा पुढं. दूधवाला दोन्हींच्या मधून वाट काढतो. आईला कानडी येत नाही, अक्कांची मराठी आईला निम्मी कळते, तरी माझी टिंगल करायला तेवढी पुरते. अक्का रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला पायांकडं बोट करून सांगतात, "ह्याला हे कळलं नाही. आणि सोनं तपासतं हे!"

घरभाडं मी वेळेवर देतो, पण त्यानं हे फिटत नाही. ती सीट अजून गावाकडं गोठ्यात आहे. ती आईच्या कामाची नाही, माझ्या बायकोला तिथून पुढचं काही दिसत नाही. जगात एकाच माणसाच्या मापाची आहे. आईला पोचवायला जाईन तेव्हा ती घेऊन येईन, चार बोल्ट आवळीन, आणि अक्कांना पुढं बसवून तुळजापूरला नेईन. मधे कितीही वेळा "हळू!" म्हणू देत. तिथं देवळात पायऱ्या उतराव्या लागतात म्हणे. अक्कांना पाठीवर घेऊन मी त्या उतरीन. उजवा पाय कुठल्या बाजूला येतो, ते आता मला पक्कं माहीत आहे.