शिक्का कुणावर बसतो

ओव्हाळ मॅडम वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्याकडे वळायच्याच नाहीत. वर्गावर नजर फिरवून विचारायच्या, "आयुष्यात कधी चोरी केलेल्यांनी हात वर करा." एकही हात वर जायचा नाही. मग त्या स्वतःचाच हात वर करायच्या. "आमच्या इंदुरी गावात शेजारच्या मळ्यातल्या काकड्या. रोज. करा आता हात वर!" हळूहळू हात वर जायचे, हशा पिकायचा. "मग यातला गुन्हेगार कोण?" हशा थांबायचा आणि गुन्ह्याच्या समाजशास्त्राचा विषय सुरू व्हायचा.

मी लोणावळ्यातल्या त्याच कॉलेजात भूगोल शिकवतो. आमच्या वर्गांमध्ये एक पातळ भिंत, त्यामुळे त्यांचे सिद्धान्त मला फुकटात पाठ झाले. "स्वप्नं सगळ्यांना दाखवायची आणि वाट मोजक्यांनाच मोकळी ठेवायची. मग बाकीचे कुंपणावरून उडी मारणारच." "चोरी कुणी आईच्या पोटात शिकत नाही, सोबतीत शिकतो." आणि त्यांचा लाडका सिद्धान्त शिक्क्याचा. "एखाद्याला चोर म्हणत राहा, कामावर ठेवू नका, दारात उभं करू नका. एक दिवस तो म्हणतो, बरं बाबा, तुमचंच खरं." चिडल्या की त्यांची इंदुरीची बोली वर यायची, आणि त्या बऱ्याचदा चिडलेल्या असायच्या. आमच्या स्टाफरूममध्ये कशावर चिडावं हे कळणारी त्या एकट्याच होत्या.

सुरेखा त्यांची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. कातकरी वाडीवरून आमच्या कॉलेजात पोचलेली पहिली मुलगी. शनिवार-रविवार खंडाळ्याच्या एका बंगल्यात साफसफाई करायची, त्यावर तिचं शिक्षण चालायचं. एका रविवारी तिथल्या मालकीणबाईंची सोन्याची बांगडी सापडेना. घरात पाहुणे होते, ड्रायव्हर होता, स्वयंपाकी होता. पोलिसांनी उचललं ते सुरेखाला. 'वाडीवरची आहे' एवढा पुरावा त्यांना पुरला. दिवसभर चौकीत बसवून, शिव्या घालून, काहीच मिळेना म्हणून सोडलं. पण बंगलेवाल्यांचा आणि केअरटेकर लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. काम तिथंच मिळतं आणि तिथंच तुटतं. त्यावर मालकांनी तिचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'चोर. कामावर ठेवू नये.'

पुढच्या आठवड्यात बांगडी मालकीणबाईंच्याच पावडर-लिपस्टिकच्या पिशवीत निघाली. ग्रुपवर मेसेज आला, 'बांगडी मिळाली. सर्वांचे आभार.' आभार! कसले आभार? सुरेखाचं नाव नाही, माफीचा एक शब्द नाही. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

तरीही तिला कुणी काम देईना. मॅडम मला घेऊन दत्ताभाऊंकडे गेल्या. ते दुसऱ्या एका बंगल्याचे केअरटेकर, मॅडमच्या गावचे.

"दत्ताभाऊ, बांगडी घावली ना? मग पोरीला काम का न्हाई?"

"मॅडम, मेसेज कोन वाचतंय? लोक फोटू बघत्यात. फोटू अजून हाय तितं. मी तिला ठिवली तर मालक मलाच घरी बसवंल."

माणूस वाईट नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला.

मॅडम म्हणाल्या, "मला घ्या त्या ग्रुपात." दत्ताभाऊंनी घेतलं. मॅडमनी तिथंच उभं राहून स्वतःचा फोटो टाकला आणि खाली तेच शब्द लिहिले, 'चोर. कामावर ठेवू नये.'

बघता बघता हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. 'मॅडम, फोन हॅक झाला का?' सुरेखाच्या मालकांचा तर फोनच आला. कॉलेजच्या कार्यक्रमांना ते पाहुणे म्हणून यायचे. "कुणी हा खोडसाळपणा केला? आपण पोलिसांत तक्रार करू."

"करा," मॅडम म्हणाल्या. "त्यात सुरेखाचाही फोटो घाला."

"तो वेगळा विषय आहे, मॅडम."

"विषय एकच हाये. मी तोच शिकवते."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "बघितलं सर? मी सोता सांगत्येय चोर हाये, तर कुणी मानंना. ती न्हाई न्हाई म्हणून रडली, तरी कुणी मानलं न्हाई. माझा पगार आडवा आला. पगार नसता, तर माझ्या आडनावावर त्यांनी कवाच शिक्का मारला असता."

ग्रुपवरून त्यांचा फोटो त्याच दुपारी काढला गेला. सुरेखाचा राहिला. तिनं कॉलेज सोडलं आणि वडगावकडच्या एका पॉलिहाऊसमध्ये गुलाब तोडायला जाऊ लागली. मॅडम परीक्षेसाठी तिला आणायला गेल्या, तेव्हा मीही होतो. काट्यांनी ओरबाडलेले हात पाठीमागं घेत ती म्हणाली, "नको मॅडम. हितं फुलांपाशी कुणाचं काय हरवत न्हाई."

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. शेवटच्या तासाला त्यांनी शिक्क्याचाच सिद्धान्त घेतला, सुरेखाची गोष्ट नाव न घेता सांगितली. मी भिंतीपलीकडे माझा वर्ग गप्प बसवून ऐकत होतो. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग शेवटी ती मुलगी चोर झाली का?"

"न्हाई झाली!" मॅडम ओरडल्या. "एवढं करूनबी न्हाई झाली! तिच्यापुरता सिद्धान्त खोटा ठरला. तिचं शिक्षण मात्र चोरीला गेलं. त्याची तक्रार कुठल्या चौकीत नोंदवायची, सांगा मला!"