दार धरणारं माणूस

केदारखेड्याच्या स्टँडावर चहा पिणारे लोक म्हणतात की म्हाताऱ्यानं धावड्यावाल्याची गाडी कपटानं खाल्ली. त्यांच्या तोंडी मी लागत नाही. चौथीपर्यंत शिकलोय, लिहिता येतं, म्हणून लिहितो. तो म्हातारा मीच. शर्यत मी नियमानं जिंकलो. नियम सगळ्यांना ठाऊक होता, धावड्यावाल्याला तर माझ्यापेक्षा जास्त.

गाडी म्हणजे फियाट. मूळची इटलीची. पाठ गोल, नाक पुढं काढलेलं, म्हणून आपल्याकडं तिला डुक्कर म्हणतात. गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, पुढं एकच लांब सीट, आणि पुढची दोन्ही दारं उलटी उघडणारी. आताच्या गाडीच्या दाराला बिजागरी पुढं असते, त्यामुळं वारा दार दाबून धरतो. डुकराची बिजागरी मागं. खटका घासला आणि गाडीनं वेग घेतला की वारा फटीत बोट घालतो आणि दार ओढून काढतो.

मी नवीन जालन्यात एका सरकीच्या व्यापाऱ्याकडं ड्रायव्हर होतो. त्यानं नवी गाडी घेतली तेव्हा मी जुनी मागितली. पेढीवर चार माणसं बसली होती. तो म्हणाला, "ने की. डुकराला उकिरडा लागतो, तो तुझ्या दारात हायच." माणसं हसली. मी गाडी नेली. पुढं तो लकव्यानं अंथरुणाला खिळला, तेव्हा मी गाडी धुऊन पुसून त्याच्या खिडकीखाली उभी केली आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. वर भेटायला गेलो नाही.

आमचा रिवाज असा. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पळवायची. पेट्रोल पंपापासून फाट्यापर्यंत सात किलोमीटर, मध्ये एक पूल. बक्षीस काही नाही. हरला त्यानं वर्षभर, जिथं भेटेल तिथं, जिंकणाऱ्याच्या गाडीचं बोनट आपल्या उपरण्यानं पुसायचं. पूर्वी आम्ही पाच जण होतो. एकाची गाडी भंगारात गेली, एकीत कोंबड्या झोपतात, एक लग्नाच्या लॉनवर फोटोसाठी उभी केलीय. उरलो मी आणि धावड्यावाला.

दोघांच्या गाड्या एकाच मिस्त्रीच्या हाताखालच्या. तो नवीन जालन्यात स्टेशनच्या मागं बसतो. घरात उर्दू बोलतो, आमच्याशी दोन्हीची खिचडी. शर्यतीचा नियम त्याच्या उस्तादानं घालून दिलेला: दाराला दोरी बांधायची नाही. उस्तादाच्या डोळ्यांदेखत एक गाडी कालव्यात उलटली होती. दारं दोरीनं आवळलेली, आतला माणूस बाहेर येऊ शकला नाही. म्हणून दोरी नाही, तार नाही. उजवं दार चालवणाऱ्यानं कोपरानं सांभाळायचं. डावा खटका सैल असेल तर डाव्या बाजूला माणूस बसवायचं आणि त्यानं दाराच्या मुठीत उपरणं अडकवून ओढून धरायचं.

धावड्यावाल्याच्या डाव्या बाजूला त्याची बायको बसायची. जाडजूड बाई. पदर खोचून, उपरण्याचा पीळ मनगटाला मारून बसली की ते दार जागचं हलायचं नाही. नवरा सुसाट सुटला तरी ती पान चघळत असायची. माझी बायको एकदाही बसली नाही. म्हणायची, "त्या उलट्या दाराच्या गाडीत मला मेल्यावर घाला."

एकदा माझ्या गाडीचा डावा खटका तुटला. जालन्यात मिळेना, औरंगाबादच्या भंगारात मिळेना. धावड्यावाल्यानं मिस्त्रीसमोर आपल्या गाडीचा चांगला खटका काढून माझ्या हातात ठेवला आणि स्वतःला एक जुना घासलेला बसवून घेतला. म्हणाला, "ने. माझ्याकडं धरायला माणूस हाय. तुझ्याकडं कोन हाय?" त्याची बायको गाडीत बसली होती, ती हसली. मिस्त्रीही हसला. मी खटका घेतला. त्या दिवशी घरी जेवलो नाही.

दोन वर्षांमागं ती बाई वारली. मी मातीला गेल्तो. खांदाही दिला.

गेल्या साली पोळा झाल्यावर माझ्या गाडीचा दुसरा गिअर निसटायला लागला. हातानं दांडा दाबून धरावा तेव्हा राहायचा. त्याच महिन्यात धावड्यावाल्याचं इंजिन निळा धूर ओकायला लागलं. दोघं एकाच दिवशी मिस्त्रीकडं पोचलो. त्यानं दोन्ही बोनटं उघडली, हात पुसले आणि म्हणाला, "सामान अब कहीं न्हाई मिळत भाऊ. दो गाडी में एकच गाडी हाय. इसका इंजिन, उसका गिअर. एक जगेल, एक कटेल. तुम्हीच बोला कोणती."

धावड्यावाला म्हणाला, "माझी न्हाई कटायची."

मी म्हणालो, "माझी तर बिलकुल न्हाई."

"मंग दोन्ही मरू द्या," मिस्त्री म्हणाला.

मी म्हणालो, "दसरा जवळ आलाय. पळवू. हरला त्यानं गाडी द्यायची. अख्खी. चाकापासून सीटपर्यंत."

धावड्यावाला हसला. माझा गिअर निसटतो हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. धुराचं इंजिन असलं तरी सात किलोमीटर त्याला जड नव्हते. "दिली," म्हणाला. हातावर हात मारला. आणि तो हात मी सोडला नाही, धरून ठेवूनच म्हणालो, "एकट्यानं चालवायची. बाजूला कोनी न्हाई. वजन बराबर पाहिजे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. तो म्हणू शकत होता की पुतण्याला बसवतो, मिस्त्रीला बसवतो. तो म्हणू शकत होता की माझा खटका घासलाय आणि चांगला तुझ्याकडं हाय. एवढं बोलला असता तर मिस्त्रीसमोर मला ऐकावंच लागलं असतं. तो बोलला नाही. तोंडातून मागणं काढायचं नाही, ही त्याची खोड. माझीही तीच आहे, म्हणून मला तिचा भरवसा होता. म्हणाला, "बराबर हाय. एकट्यानं."

तो गेल्यावर मिस्त्रीनं मला थांबवलं. "भाऊ, ये ठीक न्हाई. उसकी घरवाली होती तवर ठीक होतं. मैं उस दिन रस्सी बांध देता हूं त्याच्या दाराला. एक दिन के लिए."

मी म्हणालो, "दोरीचा नियम कुनाचा?"

त्यानं हातातला पाना पुसायला घेतला.

"तुझ्या उस्तादाचा ना? त्याच्या कबरीवर जाऊन विचारून ये. हो म्हणाला तर बांध."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला आणि आत निघून गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंपापाशी चाळीस-पन्नास माणूस जमलं. नवीन जालन्यातून बियाण्याच्या कंपनीतले चार साहेब आल्ते, मोबाईल उभे धरून. त्यांना वाटलं दोन म्हाताऱ्यांची गंमत आहे. एकानं मला विचारलं, "आजोबा, किती स्पीड घेते?" मी म्हणालो, "तुमच्या बापाला विचारा, त्यानं बघितली असंल." मिस्त्रीनं उपरणं खाली टाकलं आणि आम्ही सुटलो.

धावड्यावाला माझ्यापुढं गेला. जाणारच. मी पहिल्यावरून दुसऱ्यावर आलो, दांडा डाव्या हातानं दाबून धरला, एका हातानं स्टेअरिंग. तिसऱ्यावर येईपर्यंत तो शंभर पावलं पुढं. त्याचा निळा धूर माझ्या तोंडात येत होता. मी पाठलाग केला नाही. घाई करायची गरज नव्हती. पुलाच्या अलीकडं उतार आहे आणि पुलावर दोन्ही बाजूंनी मोकळा वारा. तिथं तो चौथ्यावर टाकणार, एवढं मला माहीत होतं.

पुलाच्या तोंडाशी त्याचं डावं दार उघडलं. आधी चार बोटं फट पडली, मग एका झटक्यात पूर्ण मागं गेलं आणि मागच्या दारावर आपटलं. माझ्या इंजिनाच्या आवाजातही तो आवाज मला ऐकू आला. त्याची गाडी डावीकडं ओढली गेली. तो लांब सीटवर आडवा झाला, डावा हात दाराकडं, उजवा स्टेअरिंगवर, डोकं काचेत दिसेना. सत्तरीच्या पुढचा माणूस. गाडी कठड्याला एक वीत राखून सरळ झाली आणि ब्रेक लागला. तो उठून बसला होता तेव्हा मी बाजूनं गेलो. हॉर्न वाजवला. वाजवायची गरज नव्हती, रस्ता मोकळा होता.

फाट्यावर मी पोचलो, खाली उतरलो, तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली, तरी तो येईना. मग आला. त्यानं आपला सदरा काढून दाराची आतली मूठ त्यानं सीटला बांधली होती आणि बनियनवर गाडी हाकत होता. शर्यत संपलेली, आता बांधलं तर नियम मोडत नव्हता. बनियनला पाठीवर भोक होतं. साहेब लोकांनी मोबाईल त्याच्याकडं फिरवले. पोरंसोरं हसली. मीही हसलो. खोटं कशाला लिहू.

तो माझ्यासमोर आला, किल्ली दिली. म्हणाला, "थंडीत चोक अर्धाच ओढ. पूर्ण ओढला तर गुदमरते. आन सुरू झाली की जरा थांब, लगेच गिअर टाकू नको."

मी म्हणालो, "सुरू कशाला करायचीय? कापायचीय."

तो म्हणाला, "हां. ते बी हाय." आणि सदरा सोडायला गेला. गाठ वाऱ्यानं आवळली होती, सुटेना. शेवटी मी खिशातला चाकू दिला. त्यानं सदरा कापला नाही. बनियनवरच पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून धावड्याला गेला. सदरा त्या गाडीबरोबर माझ्याकडं आला.

मिस्त्रीनं दोन दिवसांत माझ्या अंगणात ती गाडी उघडली. गिअरपेटी माझ्या गाडीत गेली, काचा गेल्या, दिवे गेले. दोन्ही दिवस तो माझ्या घरचा चहा प्याला नाही, बाटलीत पाणी घेऊन यायचा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊ, धावड्याहून फोन होता. पुढची सीट मागून राह्यला. बस, सीट. बाकी सब तुम्हारा."

धावड्यावाल्यानं उभ्या जन्मात मागितलेली ही एकच वस्तू असेल. आणि ती कशासाठी मागितली हे मला सांगायची गरज नव्हती.

मी म्हणालो, "बोली काय होती? चाकापासून सीटपर्यंत. माझी सीट फाटलीय. ती टाक माझ्या गाडीत."

"भाऊ, सोच लो."

"टाक म्हनलं ना."

त्यानं टाकली. चार बोल्ट आवळले, माझ्याकडं असलेले त्याचे दोन पाने मोजून पिशवीत घातले, आणि तेव्हापासून तो माझ्या गाडीला हात लावत नाही. आता मी स्वतः करतो. डोळ्याला नीट दिसत नाही, पण बोटांना दिसतं.

यंदा दसऱ्याला हार घातला, लिंबू ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपापाशी गेलो. गाडी झकास, चारही गिअर बराबर, धूर नाही. पंपावरचं पोरगं म्हणालं, "बाबा, कुनासंगं पळवायची?" मी सात किलोमीटर एकटा गेलो. फाट्यावर माणूस नव्हतं. बोनटावर धूळ बसली होती ती माझ्याच उपरण्यानं पुसली आणि परत आलो.

गेल्या महिन्यात केदारखेड्याच्या बाजारात धावड्यावाला भेटला. वाळलाय. हॉटेलच्या बाकावर बसला होता, मी शेजारी बसलो, दुसरी जागा नव्हती. बराच वेळ दोघं बशीतला चहा फुंकत होतो. मग त्यानं विचारलं, "सीट कशीय?"

मी म्हणालो, "डाव्या अंगाला खचलीय. स्प्रिंगा गेल्या."

"चाळीस वर्षं बसली ती."

"बदलाव्या लागतील."

त्यानं बशी खाली ठेवली. वाटलं शिवी देईल. मी तयार होतो, मला शिवी हवीच होती. तो म्हणाला, "बदल. तुला तरी कोन लागतंय तिथं."

त्याच आठवड्यात मी सीट बाहेर काढली, कव्हर उसवलं आणि डाव्या बाजूच्या अकरा स्प्रिंगा काढून नव्या घातल्या. जुन्या भंगारवाल्याला दिल्या. आता सीट दोन्ही बाजूंनी सारखी आहे.