खडूची खूण

"रडू नका बाई, माझी रांग चुकते," असं म्हणत ड्रेसरसाहेब खिशातून खडू काढायचे. रोग्याची पापणी ओढून बघायचे, नाडी धरायचे आणि खाटेच्या पायथ्याच्या फळीवर खूण करून पुढे जायचे. एक रेघ म्हणजे थांबेल. दोन रेघा म्हणजे आत्ता. गोल म्हणजे याच्यावर औषध घालवू नका.

उल्हासनगरच्या त्या बराकी तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. लढाई संपली, पलटणी गेल्या आणि फाळणीनंतर तिथे सिंधी माणसं आणून उतरवली. एका बराकीत दवाखाना होता. औषधाच्या पेट्या लष्कराने मागे टाकलेल्या, अर्ध्या गोळ्यांची ओल लागून भुकटी झालेली. ड्रेसरसाहेबही लढाईतूनच आलेले. ब्रह्मदेशच्या जंगलात जखमींच्या तंबूत मलमपट्टी करायला होते. माणसं ढीगभर आणि औषध मूठभर, म्हणून तिथे खुणा करायची रीत पडली. तीच त्यांनी इथे आणली.

मी साताऱ्याकडची. शाळा तिसरीत सुटली. नवरा अंबरनाथला कारखान्यात लागला म्हणून एवढ्या लांब आले. इथे ओळखीचं कुणी नव्हतं. आयाची नोकरी मला ड्रेसरसाहेबांनीच लावून दिली.

"वाचता येतं?" त्यांनी विचारलं होतं.

"थोडं."

"पुरे. माझ्या खुणांना तेवढंही लागत नाही."

शौचाच्या भांड्याला ते तोफ म्हणायचे. "बाई, पाच नंबरची तोफ भरली, मोर्चा सांभाळा." सिंधी बायका "साईं, दवा, दवा" करत मागे लागल्या की गंभीर तोंडाने सांगायचे, "साईं, दवा खतम. गरम पानी है, एकदम विलायती." रडत आलेली बाईसुद्धा जरा हसायची.

एका उन्हाळ्याच्या शेवटी कँपात पटकी आली. तीन दिवसांत खाटा भरल्या. चौथ्या दिवशी दुपारी माझा नवरा आमच्या चार वर्षांच्या पोरीला खांद्यावर टाकून धावत आला. तिचे डोळे खोल गेले होते. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. ड्रेसरसाहेबांनी तिची नाडी पाहिली, पुन्हा पाहिली. मग त्यांनी फळीवर गोल काढला.

त्या दिवशी रडू नका म्हणाले नाहीत. म्हणाले, "बाई, सलाईनच्या तीनच बाटल्या आहेत." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दोन रेघांच्या खाटा तीनच होत्या. कल्याणहून येणारे डॉक्टर फक्त खुणा बघायचे आणि दारापासून सुरुवात करायचे. माझी पोर दारापासून दुसरी. मी ओल्या पदराने गोल पुसला. खुणा संपवून ड्रेसरसाहेबांनी पट्ट्यांच्या ताटलीत टाकलेला खडू घेतला आणि दोन रेघा ओढल्या. वाकड्या आल्या.

डॉक्टरांनी पहिल्या खाटेला बाटली लावली, दुसऱ्या खाटेवरच्या माझ्या पोरीला लावली, मग तिसरीला. चौथ्या, दोन रेघांच्याच खाटेवर कापडाची फेरी करणारा एक सिंधी होता. त्याची बायको पुठ्ठ्याने वारा घालत होती. बाटल्या संपल्या होत्या.

ड्रेसरसाहेब रिकामी पेटी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्या पांढऱ्या झालेल्या पदराकडे पाहिलं. आता बोलतील म्हणून मी पदर मागे घेतला.

"पदर ओला आहे बाई," ते म्हणाले. "बदलून या."

तो माणूस दिवस मावळायच्या आत गेला. त्याची बायको बाहेर पडताना माझ्या पोरीच्या खाटेशी थांबली. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बच गई?" मी मान हलवली. अजूनही ती मान हलवलेली मला आठवते.

तिसऱ्या दिवशी पोरीने भात मागितला. ड्रेसरसाहेबांना आनंद होईल म्हणून मी सांगायला पळाले. ते पेटीवर बसले.

"नाडी नव्हती हिला. मी दोनदा पाहिली." मग खिशातला खडू काढून पाहिला. "बाई, तिकडे ब्रह्मदेशात मी किती गोल काढले असतील?"

"तुम्ही काय मुद्दाम केलंत का साहेब?"

"गोरे साहेब पाठ थोपटायचे. म्हणायचे, याचा गोल कधी चुकत नाही. कसा चुकेल? गोल काढला की कुणी बाटली लावतच नव्हतं."

त्यानंतर त्यांनी खडू हातात घेतला नाही. डॉक्टर विचारायचे, "पहिला कोण घ्यायचा?" ते म्हणायचे, "सगळे." एकाच रोग्यापाशी तासभर बसायचे, चमच्याने पाणी पाजायचे, आणि शेजारचा तसाच पडून असायचा. वेळेत हात लागता तर वाचली असती अशी माणसंही गेली. त्यांना बाहेर काढायला मीच हात लावला.

"साहेब, पाया पडते, रांग लावा," मी एकदा म्हणाले.

"मला आता ओळखू येत नाही बाई, कोण जगेल ते."

डॉक्टरांनी आधी तंबी दिली, मग काढून टाकलं. खूण मी बदलली, त्यातून यांचा खडू सुटला, हे मला डॉक्टरांना सांगता आलं असतं. नोकरी जाईल म्हणून मी बोलले नाही. ड्रेसरसाहेबही बोलले नाहीत.

बदलापूरला, कुळगावात एका वैद्यांकडे ते पट्ट्या बांधतात, असं वर्षभराने कळलं. पोरीला न्हाऊमाखू घालून, धुतलेला परकर नेसवून त्यांना दाखवायला मी गेले. वैद्य एकटेच औषध कुटत होते. म्हणाले, "तो गेला की दिवाळीआधीच. कुठे ते सांगितलं नाही."

मी उठेना, तशी त्यांनी खल बाजूला ठेवला.

"काय होतंय मुलीला?"

"काही नाही."

"मग आणलीत कशाला?"

मी पोरीला पुढे केलं. "नाडी बघा ना," मी म्हणाले, "हिला काही होत नाही."