माझ्या वडिलांचा सत्कार

आमचे हे आधी इतिहासाचे प्राध्यापक, मग आमदार, आणि आता सरकारने राजदूत म्हणून पाठवलेले. लोक मला विचारतात, वर्गात शिकवणाऱ्या माणसाला हे सगळं जमलं कसं? मी हसून वेळ मारून नेते. कसं जमलं ते मी लालबागला, माझ्या माहेरच्या चाळीत, डोळ्यांनी पाहिलंय.

ह्यांच्या पहिल्या निवडणुकीतली चौकसभा होती. गिरणी संपातल्या म्हाताऱ्यांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं, आणि पहिल्या रांगेत माझे वडील कडक इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. आमच्या चाळीचा एक तोरा आहे, संपात इथला एकही माणूस फुटला नाही म्हणून. शेजारच्या चाळीतले जे गपचूप गिरणीत गेले, त्यांच्या नातवंडांच्या लग्नातसुद्धा अजून त्याची कुजबुज होते. विसरत नाहीत हो आमच्याकडे माणसं.

आणि माझे वडील गिरणीत गेले होते. घरात खायला उरलं नाही तेव्हा, पहाटे, मागच्या गल्लीने. आई गेल्यावर ते फक्त मला ठाऊक होतं आणि ह्यांना. हे गिरणगावावर पुस्तक लिहीत होते, तेव्हा बाबांनी आपणहूनच ह्यांना सांगून टाकलं होतं.

सत्काराच्या आधी चाळीच्या अध्यक्षांनी अचानक माईक ह्यांच्यापुढे धरला. म्हणाले, आम्ही सांगतो तर लोकांना बढाई वाटते. सर, तुम्ही इतिहासाचे माणूस, तुम्हीच सांगा, ह्या चाळीतलं कुणी फुटलं होतं का?

ह्यांना खोटं बोलता येत नाही. लग्नाच्या बोलणीत स्वतःचा दमासुद्धा सांगून बसलेला माणूस! मी मनात म्हणत होते, बोला, काहीही बोला, पण माझ्या बापाची अब्रू घालवू नका. बाबा मान वर करून ह्यांच्याकडेच बघत होते. मला वाटलं, घाबरलेत.

ह्यांनी घसा खाकरला. एकदा बाबांकडे पाहिलं. मग ठणकावून म्हणाले, "एकही नाही."

टाळ्यांनी चाळ दणाणली आणि माझा जीव भांड्यात पडला. बाबांना शाल घातली, फोटो निघाले. बाबा एकाही फोटोत हसले नाहीत, तर मी म्हटलं, थकले असतील.

वर खोलीत आल्यावर हे बाबांच्या पाया पडायला वाकले. बाबांनी पाय मागे घेतले.

"मी गप्प बसलो, पण खोटं कधी बोललो नव्हतो," ते म्हणाले. "कधीतरी तुम्ही चार लोकांत सांगाल, माझी सुटका होईल, म्हणून तुम्हाला सांगितलं होतं, सर. आता मीच उठून खरं बोललो, तर तुम्ही खोटे ठरणार. आणि माझी पोर तुमच्या घरात आहे."

हे निवडून आले. बाबांनी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.