सटीचे डोळे

नाचणे रस्त्यावरच्या आमच्या वसाहतीतली जी मुलं आज कॉलेजात जातात, त्यांतली निम्मी चिमाकाकीच्या पायांवर न्हाली आहेत. माझी दोन्ही त्यातलीच. न्हाणीघराच्या दारात पाट टाकून ती पाय लांब पसरून बसे, पोराला पायांवर पालथं घाली आणि नारळाच्या तेलाचे हात त्याच्या पाठीवरून फिरवू लागे. सकाळी सात ते अकरा चार घरं. बाळाचं तेल-पाणी, बाळंतिणीचा शेक, शेवटी धुरी. घरातल्या बायकांशी गप्पा मारायची तिला सवय नव्हती. बोलायचं असलं तर पोराशी बोले. "काय रे, रात्री आवशीला झोपू दिलं नाय ना?" एवढंच.

या कामासोबत तिच्याकडे आणखी एक काम आपोआप आलं होतं. मूल झाल्यावर सहाव्या दिवशी सटी येते आणि त्याच्या कपाळावर पुढचं सगळं लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. तिच्यासाठी पाट्यावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं आणि भिंतीवर तिचं चित्र काढायचं. ते चित्र काढता येणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या आणि चिमाकाकी तेवढी उरली. भिंतीवर हातभर गेरूचा चौकोन सारवून त्यावर ती तांदळाच्या पिठाच्या रेघा माडाच्या झावळीच्या हिराने ओढी. दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत येऊन पुसून टाकी. ज्या हाताने काढलं त्याच हाताने पुसायचं, असा नियम होता. पुसलं की पाहुणी गेली.

हा नियम ती इतक्या काटेकोरपणे का पाळते, ते तिने मला एकदाच सांगितलं, माझी मुलगी तान्ही असताना. चिमाकाकी संगमेश्वराकडची, डोंगरातल्या गावातली. पहिला मुलगा झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सासूने सटी काढली आणि त्याच रात्री सासूला हुडहुडी भरून ताप आला. दुसरीने हात लावायचा नाही म्हणून चित्र भिंतीवर तसंच राहिलं. आठव्या दिवशी पोराचे तळपाय पिवळे दिसले. पूजेची हळद लागली असेल म्हणून तिने ते धुतले. तीन वेळा धुतले. नवव्या दिवशी पोर गेलं.

पुढे रत्नागिरीत आल्यावर ती एका डॉक्टरीणबाईंच्या घरी कामाला होती. त्यांनी तिला सांगितलं की ती कावीळ होती, आणि अंगाचा पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला की एक तासही थांबायचं नसतं.

"डॉक्टरीणबाय बोलल्या ते खरं," ती मला म्हणाली, "आणि भिंतीवर ती बसून होती, ते पण खरं."

तेव्हापासून पोर पायांवर घेतलं की ती आधी तळपाय बघे. वीस वर्षांत हे मी शेकडो वेळा पाहिलं.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या समोरच्या घरात राजश्रीला नातू झाला. राजश्री बँकेतून निवृत्त झालेली. मुलगा संदेश मालवाहू जहाजावर, त्या वेळी कुठेतरी आफ्रिकेच्या खाली. सून निशिगंधा पुण्याची. घरी बसून कंपन्यांसाठी चित्रं आणि बोधचिन्हं करून देई. हुशार मुलगी, मनाने वाईट नव्हे. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की थोडी कावीळ आहे, बऱ्याच बाळांना असते, दूध नीट पाजा, जास्त वाटली तर लगेच आणा, नाहीतर सोमवारी दाखवा. यातलं 'बऱ्याच बाळांना असते' आणि 'सोमवारी' एवढंच घरात लक्षात राहिलं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी चिमाकाकी चित्र काढायला बसली आणि निशिगंधा मोबाइल घेऊन तिच्या मागे उभी राहिली. प्रत्येक खुणेचा अर्थ तिला हवा होता. चिमाकाकीनेही, कधी नव्हे ते, सांगितला. वरचे सात ठिपके म्हणजे सात बहिणी, एकटी ती कुठे जात नाही. सूर्य आणि चंद्र साक्षीला. शिडी आयुष्याची, तिच्या पायऱ्या मोजायच्या नाहीत. विंचू दारावर राखणीला. फणी बाळंतिणीची, तिचे केस गळू नयेत म्हणून. मधे दोन त्रिकोण टोकाशी टोक जोडून बाईचं अंग, आणि तिची पावलं दाराकडे वळलेली, म्हणजे आली तशी तिला परत जाता यावं.

"आणि डोळे?" निशिगंधाने विचारलं.

"डोळे नाय काढायचे."

"का पण?"

"ती आंधळी येते, चाचपडत लिहिते नि जाते. डोळे दिले की तिला घर दिसतं, घरातलं पोर दिसतं. मग ती कशाला जाईल?" चिमाकाकी पुढे म्हणाली, "आणि जी बाय डोळे काढते, तिचा हात तिला पहिला दिसतो. त्या हाताच्या मागावर ती त्या बायच्या घरी जाते."

"म्हणजे काकी, तुमचा पत्ताच लागायचा तिला," निशिगंधा हसून म्हणाली.

चिमाकाकी हसली नाही. तिच्या घरी, मांडवीला, तिच्या सुनेला, राहीला, चौथा महिना होता. त्याआधी दोनदा तिचं पोट खाली झालं होतं. मुलगा भागोजी मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर खलाशी. घरात पाळणा हलावा म्हणून नवस बोलून झाले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चिमाकाकी ओलं फडकं घेऊन आली. फडकं चित्रावरून फिरलं, काचेवरून फिरावं तसं. पिठाचा कणही निघाला नाही. निशिगंधाने झोपण्यापूर्वी त्यावर चित्रं टिकवायचा पारदर्शक फवारा मारला होता. एवढी सुंदर गोष्ट पुसायची म्हणजे पाप आहे, असं ती म्हणाली. बारशाच्या निमंत्रणावर तिने ते चित्र टाकलंही होतं आणि ते शंभर जणांच्या मोबाइलवर पोचलं होतं. केकवरही तेच येणार होतं.

चिमाकाकीने राजश्रीकडे पाहिलं. राजश्रीचा चेहरा उतरला होता. सटी तिनेच घातली होती, 'आमच्याकडे असतं' म्हणून. पण सुनेसमोर आपण भित्री दिसू नये याची तिला जास्त काळजी. राहू दे, मुलांची हौस आहे, असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

दोन दिवस चिमाकाकीने पिच्छा सोडला नाही. गिलाव्यासकट खरवडून काढू, भोक मी माझ्या खर्चाने बुजवून देते, इथपर्यंत तिने सांगून पाहिलं. त्या घरातून बाहेर पडताना ती पाठ भिंतीकडे करत नसे. बायका थट्टा करू लागल्या. राजश्रीनेच ती सुरू केली होती, सून ऐकेल अशा आवाजात: काकीची सासू आमच्या भिंतीवर येऊन बसलीय, चहा मागत नाही तेवढंच बरं.

नवव्या दिवशी, शनिवारी, मी डिंकाचे लाडू द्यायला गेले तेव्हा न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. पण पोराचा आवाज नव्हता. चिमाकाकीच्या हाताखाली पोर ओरडतं, घर डोक्यावर घेतं. ते शांत असलं की चुकल्यासारखं होतं. मी दारात गेले. पोर तिच्या पायांवर होतं, मान मागे ताणल्यासारखी. तिने त्याचा एक तळपाय साबणाने चोळला, पाणी ओतलं आणि उजेडाकडे धरला. परत साबण लावला. परत पाणी ओतलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला तिने सांगितलेलं डोंगरातलं घर आठवलं.

पोराला टॉवेलात गुंडाळून ती बाहेर आली. राजश्री बारशाच्या जेवणाचं फोनवर ठरवत होती. चिमाकाकीने सांगितलं की पोर तळपायापर्यंत पिवळं झालंय, कालपासून दूध ओढत नाय, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. राजश्रीने फोनवर हात ठेवला. डॉक्टरांनी ही कावीळ आधीच पाहिली आहे, सोमवारी दाखवायचंच आहे, असं तिने सांगितलं. चिमाकाकी हलली नाही. सोमवार लांब हाय, म्हणाली.

"काकी, एक सांगू?" राजश्री म्हणाली. "भिंत पुसू दिली नाही, ते आता पोराच्या अंगावर काढतेयस."

मी मधे पडले. काकीला यातलं कळतं, एकदा दाखवून आणायला काय हरकत आहे, असं म्हणाले. तर राजश्री माझ्यावरच उलटली. तूही आता तिच्या नादी लागलीस का, आणि निशी रात्रभर जागून आत्ता कुठे झोपलीय, तिला घाबरवू नका. मग तिने फोन कानाला लावला आणि जिलेबी की श्रीखंड याच्यावर पुन्हा बोलणं सुरू झालं.

चिमाकाकीने पोर माझ्या हातात दिलं. जड लागलं, झोपेतलं मूल लागतं तसं नव्हे. ती बाळंतिणीच्या खोलीत गेली. निशिगंधा भिंतीकडे पाठ करून झोपली होती. पाळण्याशेजारी तीट लावायची काजळाची डबी होती. चिमाकाकीने ती उघडली, उजव्या हाताचं बोट आत घातलं आणि भिंतीसमोर उभी राहिली. किती वेळ, मला सांगता येत नाही. तिचे ओठ हलत होते. मला वाटतं ती राहीचं नाव घेत होती.

मग तिने बोट टेकवलं. एकदा, आणि शेजारी आणखी एकदा.

"राजश्रीबाय," तिने हाक मारली. "इकडे ये."

राजश्री आली ती दारातच थांबली. हातातल्या फोनमधून केटरर बोलतच राहिला. भिंतीवरची बाई, जी तीन दिवस नुसत्या रेघा होती, आता आमच्याकडे बघत होती.

"आता तिला दिसतंय," चिमाकाकी म्हणाली. "पोर या घरात ठेवू नको. दवाखान्यात ने. तिथे त्याला ती शोधू शकत नाय."

डॉक्टरांवर विश्वास असलेली राजश्री जे करत नव्हती, ते तिने पाच मिनिटांत केलं. अंगावरच्या गाऊनवर ओढणी घेऊन ती पोरासकट माझ्या गाडीत बसली. निशिगंधा मागे, अर्धवट झोपेत, काय झालं काय झालं विचारत. दवाखान्यात पोराचं रक्त तपासलं आणि डॉक्टर खुर्चीतून उठले. मग नर्सला भराभर सूचना देऊ लागले. सोमवारपर्यंत थांबला असतात तर, एवढंच म्हणून ते आत गेले. तासाभराने आम्हाला काचेतून दाखवलं. निळ्या दिव्याखाली पोर उघडं झोपलेलं आणि त्याच्या डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेली. ती दिव्याच्या उजेडासाठी असते, नर्सने सांगितलं. राजश्रीने माझा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते.

पोर वाचलं. चार दिवसांनी घरी आलं. बारसं पुढे ढकलून झालं, केकवर ससा होता. बाळ दुधावर येत नव्हतं हे आपल्या लक्षात आलं म्हणून वेळेवर नेलं, असं निशिगंधा सगळ्यांना सांगे, आणि मला वाटतं तिला ते खरंच तसं आठवत होतं. राजश्रीने चिमाकाकीला महिन्याचे पैसे पाकिटात घालून माझ्याकरवी पाठवले आणि पुन्हा येऊ नकोस असा निरोप दिला. जिने आपल्या नातवावर डोळे रोखवले ती बाई तिला उंबऱ्यात नको होती. हे तिने आणखी चार घरी सांगितलं. चैत्रापर्यंत चिमाकाकीच्या चार घरांचं एक झालं.

भिंतीला राजश्रीने रंग लावून घेतला. गेरू गेला, रेघा गेल्या. काजळ तेलकट, तिसऱ्या दिवशी दोन ठिपके रंगातून वर आले. रंगाऱ्याने परत हात दिला, ते परत आले. आता तिथे कपाट आहे.

चिमाकाकी मला बाजारात भेटली की एकच विचारी.

"हायत अजून?"

"आहेत," मी म्हणे. ती मान हलवी आणि मासळीच्या पाटीकडे वळे. उजवा हात तिने पदराखाली घ्यायला सुरुवात केली होती. पैसे डाव्या हाताने देई.

वैशाखात ती माझ्या घरी आली आणि पायरीवरच बसली. राहीचे दिवस भरत आले होते. तिने मला मागितलं ते असं: पोराला पायांवर तुम्ही घ्या. मी शिकवते. माझा हात त्याला लागू नये. मी म्हटलं, काकी, हे सगळं मनाचं असतं. ती म्हणाली, असेल, पण तुम्ही घ्या. मग आठ दिवस ती पायरीवर बसून सांगे आणि मी माझ्या मुलीच्या जुन्या बाहुलीला न्हाऊ घाली. मान कशी धरायची, पाणी कोपराने कसं बघायचं, आणि सगळ्यात आधी तळपाय.

राहीला सिव्हिल हॉस्पिटलात मुलगी झाली. चौथ्या दिवशी घरी सोडलं. सटी घालायची नाही, असं चिमाकाकीने आधीच बजावून ठेवलं होतं. भिंतीवर रेघ नाही, घरात गेरू नाही, हळदीचा डबासुद्धा शेजारी नेऊन ठेवलेला. पाचव्या दिवशी सकाळी मी मांडवीला गेले. ती अंगणात, दारापासून चार हात लांब, तोंड समुद्राकडे करून बसली होती. मी पाटावर पाय पसरले. राहीने मुलगी माझ्या पायांवर ठेवली. मी आधी तळपाय बघितले, मग त्यांच्यावर पाणी ओतलं, अंगठ्याने चोळलं आणि दाराच्या उजेडाकडे धरलं.

"कसे हायत?" चिमाकाकीने न वळता विचारलं.

मी पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा चोळलं, पुन्हा धरलं. मग भागोजीला हाक मारली आणि रिक्षा आणायला सांगितलं.

 चिमाकाकीने पदराखालचा हात आणखी आत ओढून घेतला.