केस येतील, म्हणली अव्वा

२०१६च्या उन्हाळ्यात उदगीरला लोक दोनच गोष्टी बोलायचे. नळ कधी येणार, आणि जिल्हा कधी होणार. तहसील कचेरीसमोर ग्यानोबा काकांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं, तिथं दोन्हींचे अर्ज टाइप व्हायचे. ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’ हे वाक्य शिवकांतानं इतक्यांदा टाइप केलं होतं की तिला कीबोर्डकडे बघावंच लागत नसे.

शिवकांता तेव्हा एकतीस वर्षांची होती. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून ती सकाळी दहाला दुकानात यायची आणि संध्याकाळी सहाला तशीच गुंडाळलेल्या ओढणीनं घरी जायची. दुकानात पंखा बंद पडला, घामानं मान निथळू लागली, तरी ओढणी सुटत नसे. गिऱ्हाईकांना वाटायचं, पोरगी फार शिस्तीची आहे.

ती सहा वर्षांची असताना वेळ अमावस्येच्या दिवशी हे घडलं होतं. शेतातल्या पूजेला न्यायच्या भज्जीचं, म्हणजे डाळी-भाज्यांच्या घट्ट कालवणाचं, मोठं पातेलं चुलीवर रटरटत होतं. आई शांतम्मा ते उतरवायला गेली आणि नेमकी पोर पळत आली. फडकं निसटलं. घट्ट, उकळती भज्जी डोक्यावर डाव्या बाजूला पडली आणि चिकटून बसली. पोरीचा जीव वाचला, पण कानाच्या वरपासून टाळूपर्यंत तळहाताएवढ्या जागेवर पुन्हा केस आले नाहीत. तिथं नुसतं गुळगुळीत, चकाकणारं कातडं राहिलं.

शांतम्मानं त्या दिवसानंतर भज्जी केली नाही. पोरीचे उरलेले केस मात्र ती जीव लावून वाढवायची. रोज सकाळी उजवीकडचे केस डावीकडे ओढून, चार पिना लावून डाग झाकायची. वडील शिवकांता बारावीत असताना गेले. शांतम्मा लोकांच्या घरी शेवया-पापड करून द्यायची, लेक टायपिंग शिकली, दोघींचं भागत होतं. स्थळं यायची. देगलूरच्या एका घरानं तर जवळजवळ होकार दिला होता. पण कुंकू लावायला पुढं आलेल्या बाईच्या बोटाला पीन लागली, केस सरकले, आणि जेवायला थांबलेले पाहुणे चहावरच निघून गेले.

नांदेडला एक डॉक्टरीण बाई डागावरसुद्धा केस लावतात हे शांतम्माला कुणीतरी सांगितलं. शिवकांता नको म्हणत होती. शांतम्मानं तिला न विचारता हातातल्या पाटल्या मोडल्या आणि फेब्रुवारीतली तारीख घेऊन टाकली.

सात तास लागले. मानेच्या वरचे केस मुळासकट एकेक करून काढले आणि डागावर एकेक करून रोवले. शांतम्मा बाहेर बाकावर गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसली होती. संपल्यावर डोक्याला पट्टी गुंडाळलेली शिवकांता इडली खात बसली आणि डॉक्टरीण बाईंनी आईला आत बोलावलं. काचेच्या दारातून शिवकांताला दिसत होतं. बाई समजावून सांगत होत्या, आई मान हलवत होती, मध्येच काहीतरी विचारत होती.

“काय म्हणल्या गं?” एसटीत बसल्यावर तिनं विचारलं.

“काय न्हाई. डोकं जपा म्हणल्या. ऊन लागू देऊ नका, धक्का लागू देऊ नका.”

एक छापील कागदही मिळाला होता, इंग्रजीतला. शिवकांतानं त्यातल्या गोळ्यांच्या वेळा तेवढ्या वाचल्या आणि तो पिशवीत ठेवून दिला.

तिसऱ्या दिवसापासून डोकं धुवायचं होतं. नळाला पाणी येऊन वीस दिवस झाले होते. शांतम्मा गल्लीतल्या बोअरचं पाणी आणायची, उकळून गार करायची आणि तांब्यानं धार धरून, बोट न लावता लेकीचं डोकं धुवायची. खपल्या निघाल्या तशी खाली बारीक काळी टोकं दिसू लागली. पहिल्यांदाच त्या जागेवर काळं काहीतरी होतं. शेजारच्या कस्तुराबाईंना बोलावून आणून शांतम्मानं ते दाखवलं.

“बगा की, कसं रोप धरलंय.”

शिवकांता हसली. आरशासमोर ती कधी उभी राहत नसे, त्या आठवड्यात रोज उभी राहिली. एकदा तर ओढणी न घेता दारापर्यंत जाऊन आली.

आणि तेविसाव्या दिवशी सकाळी उशीवर बारीक केस दिसले. चार-पाच नव्हे, भरपूर. तिनं डोक्यावरून नुसता हात फिरवला तर तळव्याला आणखी लागले. आठवडाभरात डाग होता तसा झाला. तेच गुळगुळीत कातडं, आणि शिवाय मानेमागं काढलेल्या केसांच्या खुणा नव्या.

“अव्वा, बघ.” तिनं उशीचा अभ्रा आईपुढं धरला.

शांतम्मा पिठाच्या हातांनी तशीच उठून आली. “येतील गं परत. हे पडतेत अन् परत येतेत. डॉक्टरीण बाई म्हणल्या हायेत.”

“कधी म्हणल्या? मला का न्हाई म्हणल्या?”

“मला म्हणल्या, आत बोलवून. तुझा जीव घाबरंल म्हणून म्या तुला बोलले न्हाई. आधीच तू नगं म्हणत होतीस.”

“खोटं बोलायलीस तू. समजूत काढायची तर काढ, पण डॉक्टरीण बाईचं नाव घेऊ नकोस.”

“फोन लाव मग. विचार तूच.”

“काय विचारू? डोक्यावर काय उरलंय विचारायला?” शिवकांताचा आवाज चढला. पंचवीस वर्षांत जे तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं ते त्या वेळी बाहेर पडलं. “एकदा तुझ्या हातानं जळलं, आता तुझ्याच हातानं धुऊन काढलंस!”

शांतम्मानं हाताचं पीठ लुगड्याला पुसलं, जे ती कधी करत नसे, आणि शेवयांच्या पाटाकडे परत गेली.

त्यानंतर शिवकांतानं आईला डोक्याला हात लावू दिला नाही. दोघी एका खोलीत जेवायच्या, एका खोलीत निजायच्या, बोलणं मात्र “भाकर घे” आणि “कडी लाव” एवढंच उरलं. दोन-चार दिवसांनी शांतम्मानंच कस्तुराबाईंना विचारलं, “ह्या बोअरच्या पाण्यानं केस जातेत का हो?”

कस्तुराबाई सहज बोलून गेल्या, “खारं हाय की ते. माझ्या डाळीला सुदीक शिजू देत न्हाई. मग केसाचं काय घेऊन बसलात!”

गावाबाहेर दोन किलोमीटरवर गुंडप्पांच्या मळ्यातल्या विहिरीला त्या वर्षीही थोडं गोडं पाणी होतं. भर दुपारी वीज असायची तेव्हा मोटर चालायची, आणि येईल त्याला गुंडप्पा एक घागर भरू द्यायचे. शांतम्मा जायला लागली. एकसष्ट वर्षांची बाई, चैत्राचं ऊन, डोक्यावर घागर. कस्तुराबाई म्हणाल्या, टँकरचं आणू उद्या, तर म्हणाली, टँकरच्या पाण्याचा काय भरवसा.

संध्याकाळी शिवकांता घरी यायची तेव्हा कोपऱ्यात घागर असायची, तोंडाला ओलं फडकं बांधलेली. “तुझ्या डोक्याला हाय,” आई म्हणायची. शिवकांता त्या पाण्यानं डोकं धुवायची. कुठून आणलं, हे विचारायची नाही. बारा-तेरा दिवस हे चाललं. एका संध्याकाळी आई लंगडताना दिसली, टाच उलून रक्त आलं होतं. “अव्वा, पुरे की आता,” असं शिवकांताच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढं बोलायचं तर आधीचंही बोलावं लागणार होतं. तिला वाटलं, रविवारी सुट्टी आहे, निवांत बोलू.

शुक्रवारी दुपारी गुंडप्पांचा माणूस दुकानात धावत आला. “शांतम्माची लेक कोण? चला लवकर.”

मळ्याच्या बांधावर लिंबाखाली शांतम्मा बसली होती म्हणे. घागर भरून झाली, जरा टेकते म्हणाली, आणि उठलीच नाही. लोकांनी रिक्षानं सरकारी दवाखान्यात आणलं होतं. अंग तव्यासारखं तापलं होतं. सलाईन लावलं, ओली कापडं गुंडाळली. शिवकांता उशाशी वाकून बोलत राहिली. “अव्वा, माझं चुकलं. तुझा हात वाईट न्हाई गं. म्या रागात बोलले.” हेच पुन्हा पुन्हा. शांतम्माचे डोळे अर्धवट उघडे होते. तिला ऐकू आलं की नाही, हे शिवकांताला कळलं नाही, आणि कधी कळणारही नव्हतं. शनिवारी उजाडता उजाडता ती गेली.

घरी आणलं तेव्हा आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. बोअरही त्या दिवशी आटला होता. मग गुंडप्पांनी बांधावर राहिलेली ती घागर पाठवून दिली. कस्तुराबाई आणि गल्लीतल्या बायकांनी त्या पाण्यानं शांतम्माला आंघोळ घातली. शिवकांता म्हणाली, केस मी धुते. आईचे केस पांढरे, विरळ, पण लांब होते. तिनं ते धुतले, पुसले, विंचरले आणि अंबाडा घातला. भांग वाकडा गेला, म्हणून तो पुन्हा काढला. मग भस्म लावलं, अय्यांनी, म्हणजे जंगम पुजाऱ्यांनी, मंत्र म्हटले, आणि रुद्रभूमीत शांतम्माला बसवून माती दिली.

नांदेडची तपासणीची तारीख येऊन गेली. शिवकांता गेली नाही. दुकानात जायची, टाइप करायची, घरी यायची. डोकं धुणं तिनं आठवड्यावर आणलं, आरशावर टॉवेल टाकून ठेवला.

जुलैत एकदा ओढणी बांधताना बोटांना काहीतरी वेगळं लागलं. बाळाच्या डोक्याला लागतं तसं, मऊ. तिनं टॉवेल काढला, खिडकीशी जाऊन मान वळवून पाहिलं. डागावर सगळीकडून बारीक काळे केस वर येत होते. ती तिथंच खाली बसली आणि इतक्या मोठ्यानं रडली की कस्तुराबाई हातातलं काम टाकून धावत आल्या. काय झालं ते पाहून त्यांचाही चेहरा क्षणभर फुलला आणि लगेच उतरला.

ऑगस्टमध्ये ती एकटी नांदेडला गेली. डॉक्टरीण बाईंनी भिंग लावून डोकं तपासलं आणि खूश झाल्या.

“छान धरलेत. डागावर एवढे येणं सोपं नसतं. आणखी चार-सहा महिन्यांत अजून दाट होतील.”

“मधी सगळे गळाले होते, बाई.”

“गळतातच ते. वरचा केस पडतो, मूळ आत जिवंत राहतं, मग नवीन येतो. सगळ्यांचं असंच होतं.”

“पाण्यानं न्हाई गळत? खाऱ्या पाण्यानं?”

“नाही हो. पाण्याचा काय संबंध? तुमच्या आईंना मी हे सगळं सांगितलं होतं की. त्यांनी दोनदा विचारून घेतलं माझ्याकडून, ‘परत येतील ना? नक्की येतील ना?’ त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?”

शिवकांतानं मांडीवरची ओढणी उचलून पुन्हा डोक्याला गुंडाळली.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“आज आल्या नाहीत त्या?”

“न्हाई. घरी हायेत.”

का खोटं बोलली ते तिलाही कळलं नाही. बाईंनी आईला नमस्कार सांगा म्हणून सांगितलं, तिनं मान हलवली.

घरी आल्यावर तिनं कस्तुराबाईंना सगळं सांगितलं. उंबऱ्यावर बसून, एका दमात. “अव्वा खरं बोलत होती मावशी. म्याच मानलं न्हाई.”

“मायला लेकराचं बोलणं लागत न्हाई, बाई. मनात धरू नगस.”

“लागलं होतं,” शिवकांता म्हणाली. “येतील हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरणीनं सांगितलेलं. तरी ती विहिरीवर गेली. माझ्या बोलण्यानं तिचा त्या सांगण्यावरचा विश्वास उडाला.”

कस्तुराबाई तिचा हात हातात घेऊन बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकांता रुद्रभूमीत गेली. आईच्या जागेवर गवत उगवलं होतं. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून तिनं ओढणी सोडली, पिना काढल्या आणि त्या मातीपुढं डोकं वाकवून तशीच थांबली, लहानपणी विंचरून घ्यायला आईपुढं बसायची तशी.

“केस आले गं अव्वा,” ती म्हणाली. “तू म्हणली होतीस ना.”